सॅकमधली पुस्तकं, कपाटातली पुस्तकं

वाचकांचे प्रश्न : सरहद्दीचा इतिहास, जंगल आणि भटकंती

यावेळच्या पत्रांत बहुतेकांनी एकच विचारलंय : पुस्तक कुठलं घेऊ? त्यावर आमचा उलटा प्रश्न असतो. ते सॅकमध्ये जाणार की कपाटात राहणार? फसलेली खरेदी बहुतेक वेळा इथेच फसते. पाचशे पानांचा ग्रंथ पाठीवर वाहिला जातो, नाहीतर खिशातल्या पुस्तिकेकडून संशोधनाची अपेक्षा केली जाते.

मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत सेंट लुईसला आहे. तिथे जिकडेतिकडे लुईस आणि क्लार्क यांची नावं दिसतात म्हणतो. पुढच्या वर्षी आम्ही दोघं जाणार आहोत. अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीचा इतिहास कुठून वाचायला घ्यावा? मी निवृत्त शिक्षक आहे, इंग्रजी वाचन बरं आहे. (पुणे)

सुरुवात त्या दोघांच्या रोजनिशीपासूनच करा, पण आवृत्ती बघून घ्या. मेरिवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क यांची, पश्चिमेचा शोध घ्यायला सरकारने धाडलेली तुकडी १४ मे १८०४ रोजी सेंट लुईसजवळच्या छावणीतून मिसुरी नदीने वर निघाली, पॅसिफिक महासागर गाठून २३ सप्टेंबर १८०६ रोजी परतली. त्यांच्या रोजनिश्या पहिल्यांदा १८१४ मध्ये निकोलस बिडल यांनी छापल्या. ते मूळ लिखाण नाही, बिडल यांनी स्वतःच्या भाषेत सांगितलेली हकिगत आहे, आणि प्राणी-वनस्पतींच्या नोंदींचा बराचसा भाग त्यात गळलाय. स्वस्तातल्या पुनर्मुद्रणांत पुष्कळदा हीच आवृत्ती 'जर्नल्स' म्हणून माथी मारली जाते. म्हणून संपादकाचं नाव आधी पाहा. एका खंडात हवं असेल तर बर्नार्ड डीव्होटो यांनी १९५३ मध्ये केलेला संक्षेप घ्या. सगळंच हवं असेल तर गॅरी मोल्टन यांनी संपादित केलेले, नेब्रास्का विद्यापीठाने काढलेले १३ खंड आहेत. ते विकत घ्यायची गरज नाही, संगणकावर फुकट वाचता येतात आणि तारखेवरून शोधता येतात.

पहिली अडचण येईल ती क्लार्कच्या स्पेलिंगची. एकच शब्द तो चार पानांत चार तऱ्हांनी लिहितो. शब्दकोश उघडत बसू नका, मोठ्याने वाचा, कानाला कळतं. नमुना म्हणून ७ सप्टेंबर १८०४ ची नोंद काढा. बिळात राहणारा, खारीच्या कुळातला 'प्रेअरी डॉग' पकडायला माणसं भरमसाट पाणी आणून बिळात ओततायत, आणि अखेर एक जिवंत हाती लागतो. तोच प्राणी पुढच्या वसंतात पिंजऱ्यातून नदीमार्गे रवाना झाला आणि राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्यापर्यंत जिवंत पोचला. मोहिमेचा स्वभाव अशा नोंदींत जितका कळतो तितका प्रस्तावनांत कळत नाही.

स्टीफन अँब्रोज यांचं १९९६ चं 'अनडॉन्टेड करेज' ओघवतं आहे, विमानात वाचायला उत्तम. मात्र त्याचा कल लुईसकडे फार झुकतो. त्याच्या जोडीला जेम्स रोंडा यांचं 'लुईस अँड क्लार्क अमंग द इंडियन्स' (१९८४) हवंच. १८०४-०५ च्या हिवाळ्यात ही तुकडी मंडान लोकांच्या मक्यावर जगली, हे रोंडा वाचताना नीट लक्षात येतं.

इथे शब्दाचा एक घोळ आहे. आपण 'सरहद्द' म्हणतो तेव्हा दोन राज्यांमधली रेघ डोळ्यांपुढे येते. अमेरिकन 'फ्रंटियर' म्हणजे गोऱ्या वसाहतीची पश्चिमेकडे सरकत जाणारी कड. १८९० च्या जनगणनेनंतर ही कड आता दाखवता येत नाही असं सरकारी कागदांत आलं, आणि १८९३ मध्ये फ्रेडरिक जॅक्सन टर्नर यांनी शिकागोत निबंध वाचला, की अमेरिकन माणूस घडला तो या कडेवर. निबंध छोटा आहे, जरूर वाचा. पण त्यात कडेच्या पलीकडची जमीन जवळजवळ रिकामी धरली आहे. ती रिकामी नव्हती. चार्ल्स ईस्टमन ऊर्फ ओहियेसा या डकोटा जमातीच्या डॉक्टरने १९०२ मध्ये लिहिलेलं 'इंडियन बॉयहुड' सोप्या इंग्रजीतलं आणि फुकट उपलब्ध आहे. डी ब्राउन यांचं १९७० चं 'बरी माय हार्ट ॲट वूंडेड नी' गाजलेलं आहे आणि गाजण्यासारखंच आहे. पण ते एकटंच वाचलं तर मूळ रहिवासी म्हणजे केवळ बळी, असा ग्रह होतो. त्यावर उतारा पेक्का हामालाइनेन यांचा 'द कोमांची एम्पायर' (२००८) : घोड्यांच्या आणि व्यापाराच्या जोरावर कोमांचींनी स्पॅनिश वसाहतींना कसं वाकवलं त्याचा हिशेब. हे पुस्तक मात्र कपाटातलं; टाचणं काढतच वाचावं लागतं.

आणि घरचं पुस्तक विसरू नका. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत होत्या. त्यांचं 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' मुंबईत १८८९ मध्ये निघालं, म्हणजे ती सरकती कड संपल्याचं दाखवणाऱ्या जनगणनेच्या एक वर्ष आधी. मूळ रहिवाशांना मिळालेल्या वागणुकीबद्दल त्या भीड न ठेवता लिहितात. त्या काळातल्या अमेरिकेकडे मराठी डोळ्यांनी पाहायचं तर याहून चांगली जागा नाही.

शेवटी, भटक्यांसाठी आमचं सगळ्यात आवडतं : कॅप्टन रँडॉल्फ मार्सी यांचं १८५९ चं 'द प्रेअरी ट्रॅव्हलर'. बैलगाड्यांनी पश्चिमेला जाणाऱ्या कुटुंबांसाठी लिहिलेली ही मार्गदर्शिका. मिसुरीपासून कॅलिफोर्निया किंवा ओरेगनपर्यंत ११० दिवसांचा शिधा, माणशी : पीठ १५० पौंड (६८ किलो), खारवलेलं डुकराचं मांस २५ पौंड, कॉफी १५ पौंड, साखर २५ पौंड, शिवाय भाकरी फुगवायचा सोडा, मीठ, मिरी. ताज्या मांसासाठी गुरं सोबत हाकत न्यायची. भागाकार करा : दिवसाला सहाशे ग्रॅमच्या वर पीठ, म्हणजे मोठ्या सहा-सात भाकऱ्या, आणि साठ ग्रॅम कॉफी. दिवसभर गाडीबरोबर चालणाऱ्या माणसाला किती लागत होतं ते कुठल्याही इतिहासग्रंथापेक्षा या यादीतून कळतं.

सेंट लुईसमध्ये नदीकाठच्या कमानीखालचं संग्रहालय आणि बेलफाउंटन दफनभूमीतली क्लार्कची समाधी, या दोन जागा वाचून झाल्यावर पाहा. आधी पाहिल्यात तर कमान फक्त उंच दिसते.

आपल्याकडच्या सरहद्दीबद्दल, म्हणजे हिमालयापलीकडच्या शोधांबद्दल असं काही वाचण्यासारखं? (नाशिक)

आहे. कुमाऊँमधल्या जोहार खोऱ्यातल्या मिलमचे नैनसिंह रावत यांच्यापासून सुरुवात करा. तिबेटात गोऱ्यांना मज्जाव होता, म्हणून सर्वेक्षण खात्याने १८६५-६६ मध्ये त्यांना यात्रेकरूच्या वेशात नेपाळमार्गे ल्हासाला धाडलं. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी, दर शंभर पावलांना एक मणी. माळ पुरी झाली की दहा हजार पावलं. प्रार्थनाचक्रात मंत्राऐवजी नोंदींचे कागद. उंची मोजायला पाणी किती तापमानाला उकळतं ते पाहणारा थर्मामीटर. आणि ताऱ्यांचे कोन घेताना लागणारा पारा कवड्यांत भरलेला. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिलं.

गोष्टीसारखं वाचायचं असेल तर पीटर हॉपकर्क यांचं 'ट्रेसपासर्स ऑन द रूफ ऑफ द वर्ल्ड' (१९८२). कागदपत्रांचा आधार हवा असेल तर डेरेक वॉलर यांचं 'द पंडित्स' (१९९०). हिंदी वाचता येत असेल तर या दोन्हींच्या आधी उमा भट्ट आणि शेखर पाठक यांचं 'एशिया की पीठ पर' मिळवा; त्यात नैनसिंहांचं स्वतःचं लिखाण आहे.

वाचता वाचता हा प्रयोग करा. सपाट रस्त्यावर टेपने १०० मीटर मोजा आणि तीनदा चालून पावलांची सरासरी काढा. मग तेच चढावर. चढावर पाऊल आखूड पडतं, आकडा चांगलाच वाढतो. नैनसिंहांना चढ, उतार, दगडधोंडे, बर्फ या सगळ्यांत एकच पाऊल राखायचा सराव महिनोन्‌महिने का करावा लागला असेल ते शंभर मीटरांत समजतं.

मुलगी सातवीत आहे, पक्ष्यांचा नाद लागलाय. पक्ष्यांचं एक पुस्तक आणि एक दुर्बीण, एवढंच घेता येईल. कुठलं? (सांगली)

पुस्तक : सालिम अली यांचं 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स'. पहिली आवृत्ती १९४१ ची. जुन्या बाजारात ती किंवा १९५० च्या दशकातली मिळाली तर ठेवण्यासारखी आहे, पण मुलीच्या हातात नवी द्या, कारण पक्ष्यांची इंग्रजी आणि शास्त्रीय नावं मधल्या काळात बरीच बदललीत. ग्रिमेट आणि इन्स्किप यांचं 'बर्ड्स ऑफ द इंडियन सबकॉन्टिनेंट' (दुसरी आवृत्ती २०११) अधिक परिपूर्ण आहे, चित्रासमोर मजकूर आणि नकाशा आहे. पण उपखंडातले सगळे पक्षी एकत्र दिल्यामुळे बारा वर्षांचं मूल सांगलीच्या कृष्णाकाठी अरुणाचलचा पक्षी ओळखून मोकळं होतं! दोन वर्षांनी घ्या. मराठी नावांसाठी मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षीकोश' घरात असावा. सॅकमध्ये नाही.

दुर्बीण : ८×४२. पहिला आकडा किती पट जवळ दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत डोळ्यात येतो. १०×२५ ची खिशातली दुर्बीण अडीचच मिलिमीटर देते, त्यामुळे पहाटे आणि झाडीत चित्र काळवंडतं. वर दहा पटीत हाताची थरथरही जास्त जाणवते. 'झूम' लिहिलेल्या दुर्बिणीच्या वाटेला जाऊ नका. वजन पाऊण किलोच्या आत आणि पट्टा रुंद असावा.

आता खरी गोष्ट. पक्षी दिसला की आधी पुस्तक उघडायचं नाही, वही उघडायची. आकार चार मापांत लिहायचा : चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा, घारीएवढा. मग चोच, शेपटी, पाय, बसायची ढब, आवाज. रंग सगळ्यात शेवटी, कारण रंग उन्हाप्रमाणे बदलतो. पक्षी उडून गेल्यावर पुस्तक.

हे का, ते एका जोडीवरून बघा. शिक्रा आणि पावशा. दोघेही राखाडी, छातीवर आडव्या रेघा, साधारण एकाच मापाचे. पावशा शिकाऱ्यासारखा दिसतो, आणि त्याचा त्याला फायदाही आहे : सातभाईच्या घरट्यात अंडं घालायचं तर सातभाई आधी घाबरून पांगलेले बरे. नवशिका माणूस शिकारी पक्ष्यांची पानं उघडतो, तिथे शिक्रा सापडतो, आणि तो तिथेच थांबतो. कोकिळेच्या कुळाची पानं पुस्तकात पार दुसरीकडे असल्याने तिकडे तो वळतच नाही. वहीत 'चोच : आकड्यासारखी वळलेली की सरळ, बारीक?' असं लिहिलेलं असेल तर हा घोटाळा होत नाही. शिक्र्याची चोच आखूड आणि आकडेबाज, बसणं ताठ, पिवळ्या लांब पायांना नख्या. पावशाची चोच बारीक, डोळ्याभोवती पिवळं कडं, पंख किंचित ढिले सोडलेले, पायाची दोन बोटं पुढे नि दोन मागे. आणि मृगाच्या तोंडावर 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' म्हणत सूर चढवत नेणारा पावशाच.

फोनवरचं मर्लिन ॲप फुकट आहे, आवाज ओळखायला मदत करतं. पण ते सुचवतं, ठरवत नाही. ॲपने नाव दिलं आणि पक्षी डोळ्यांना दिसला नाही, तर वहीत प्रश्नचिन्हासकट लिहायची सवय लावा.

जिम कॉर्बेट कुठल्या क्रमाने वाचावा? घरात बारा वर्षांचा मुलगा आहे, नरभक्षकांच्या गोष्टींनी घाबरेल का? (नागपूर)

घाबरेल, आणि त्याला ते आवडेल. तरी सुरुवात 'जंगल लोअर' (१९५३) पासून करा. त्यात कॉर्बेट लहानपणी जंगल कसं वाचायला शिकला ते आहे. पक्ष्यांची त्याने कामावरून केलेली विभागणी, म्हणजे धोक्याची सूचना देणारे वेगळे, सफाई करणारे वेगळे, ही कुठल्याही मुलाला घराच्या गच्चीवरून करून बघता येते. मग 'मॅनईटर्स ऑफ कुमाऊँ' (१९४४), त्यानंतर रुद्रप्रयागच्या बिबट्याचं पुस्तक (१९४८). तो बिबट्या मे १९२६ मध्ये मारला गेला. सरकारी नोंदीत १२५ बळी. हे शेवटचं रात्री वाचायला देऊ नका, त्यातला दाराच्या कडीचा भाग मोठ्यांनाही झोपू देत नाही.

कॉर्बेट वाचणाऱ्याने एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांचं 'विथ अ कॅमेरा इन टायगरलँड' (१९२७) सोडू नये. वाटेवर तार बांधून रात्री वाघाकडूनच त्याचा फोटो काढून घेणारा हा वनाधिकारी. आजच्या कॅमेरा ट्रॅपचं मूळ तिथे आहे. मराठीत व्यंकटेश माडगूळकरांचं 'नागझिरा' आणि वानरांच्या टोळीवरचं 'सत्तांतर'. नागपूरकरांनी 'नागझिरा' वाचून तिथे जावं, इतकं जवळ असताना न जाणं हा कद्रूपणा झाला.

ताडोबाच्या बाहेर आमच्या शेताच्या पांदीत ठसे उमटतात. ते ओळखायला पुस्तक कुठलं, आणि प्लॅस्टरचा साचा कसा घ्यायचा? (चंद्रपूर जिल्हा)

पुस्तक : विवेक मेनन यांचं 'इंडियन मॅमल्स' (२०१४). एस. एच. प्रेटर यांचं १९४८ चं 'द बुक ऑफ इंडियन ॲनिमल्स' वाचायला अजून सुरेख, पण वाटेवर घेऊन बसायचं नव्हे.

आधी नखं पाहा. मांजरकुळात नखं आत ओढलेली, ठशात दिसत नाहीत. कुत्रा, कोल्हा, तरस यांची दिसतात. मांजरकुळाच्या तळव्याच्या मागच्या कडेला तीन उंचवटे येतात. तळवा धरून रुंदी नऊ सेंटिमीटरच्या आत असेल तर बहुधा बिबट्या. बाराच्या पुढे वाघ. मधल्या मापावर पैज लावू नका, वाघाचं मोठं पिल्लू तिथेच येतं.

साचा घ्यायचा तो फक्त स्वतःच्या शेतात. राखीव क्षेत्रात वनविभागाच्या परवानगीशिवाय काही करू नका. चार-पाच सेंटिमीटर रुंदीची पुठ्ठ्याची पट्टी गोल वळवून ठशाभोवती उभी दाबा. एक भांडं पाणी घ्या, त्यात दोन भांडी प्लॅस्टर ऑफ पॅरिस भुरभुरत सोडा. उलटं, म्हणजे प्लॅस्टरवर पाणी ओतलंत, तर गुठळ्या होतात. मिनिटभर हळू ढवळा. जोरात ढवळलं की हवा शिरते आणि साच्याला भोकं पडतात. धार ठशावर नाही, पट्टीच्या कडेला सोडा, मिश्रण आपलं आपण ठशात उतरू द्या. दोन सेंटिमीटर थर पुरे. अर्धवट घट्ट झाल्यावर खिळ्याने तारीख, जागा, डावा-उजवा, पुढचा-मागचा हे पाठीवर कोरा. वीस मिनिटं ते अर्धा तास, ओल्या मातीत जास्त. उचलल्यावर लगेच धुवायचा नाही, दिवसभर वाळू द्या, मग जुन्या टूथब्रशने माती झाडा.

प्लॅस्टर घट्टच होत नसेल तर दोष तुमचा नाही. पिशवी पावसाळ्यात उघडी राहिली आणि त्याने हवेतलं पाणी आधीच पिऊन घेतलं. नवी पिशवी आणा.

ठशांवरून वाघ मोजायची जुनी पद्धत का मोडीत निघाली तेही या प्रयोगात दिसेल. एकाच जनावराचा ठसा चिखलात फाकतो, बारीक धुळीत नेटका येतो. राजस्थानातल्या सरिस्का अभयारण्यात २००५ मध्ये एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं, आणि त्यानंतरच्या गणनेत कॅमेरा ट्रॅप आले.

किल्ल्यांवर जाण्याआधी काय वाचावं? आमच्या ग्रुपमध्ये सगळे मोबाइलवरच्या वाटेवर चालतात आणि दोनदा चुकलोय. (डोंबिवली)

तीन तऱ्हेचे कागद लागतात आणि त्यांची अदलाबदल करायची नसते.

पहिला, ओढ लावणारा : गो. नी. दांडेकरांची 'दुर्गभ्रमणगाथा'. ती वाचून निघावंसं वाटतं, वाट मात्र त्यातून शोधू नये. दुसरा, इतिहासाचा : मुंबई इलाख्याची जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेली गॅझेटिअर्स, म्हणजे जिल्हावार सरकारी माहितीग्रंथ. नाशिक १८८३, ठाणे १८८२, पुणे आणि सातारा १८८५. सगळी इंटरनेटवर फुकट आहेत. गावांची स्पेलिंगं इंग्रजी कानांनी लिहिलेली असतात, म्हणून एकाच नावाची तीन-चार रूपं टाकून शोधा. वर्णनात 'पायऱ्यांचा मार्ग' असला तरी त्यावर विसंबू नका. नाशिक-नगर भागातल्या अनेक किल्ल्यांचे मार्ग १८१८ मध्ये इंग्रजांनी सुरुंग लावून मोडले, आणि उरलेल्या काही वाटा त्यानंतरच्या दरडींनी नेल्या.

तिसरा कागद वाटेचा. आनंद पाळंदे यांची 'डोंगरयात्रा' आणि सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा नकाशा. त्यात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा, वीस मीटरच्या अंतराने. आता गंमत बघा : दोन मिलिमीटरांत पाच रेषा दाटल्या असतील तर शंभर मीटर चालण्यात शंभर मीटर चढ, म्हणजे पंचेचाळीस अंशांचा उतार. इतकं नकाशा सांगतो. पण पंधरा मीटरचा उभा कातळटप्पा दोन रेषांच्या मध्ये अख्खा लपू शकतो, तो नकाशा सांगत नाही. मोबाइलवरची वाटही सांगत नाही, कारण ती कुणाच्या तरी चालण्याची खूण आहे. ती व्यक्ती दोर लावून चढली की ढोरवाटेने, ते त्या रेघेत कळत नाही. तुम्ही दोनदा चुकलात ते बहुधा अशाच जागी, जिथे पावसाळ्यानंतर कारवी वाढून पायवाट झाकली गेली होती आणि रेघ तेवढी सरळ पुढे जात होती. पायथ्याच्या वाडीत विचारा : 'वाट मोडलीय का? पाणी कुठवर आहे? ढोरं वर जातात का?' तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. ढोर जातं तिथे दोर लागत नाही.

वडिलांच्या संग्रहातल्या सापांवरच्या जुन्या पुस्तकात दंशावर चिरा देऊन दोर घट्ट बांधायला सांगितलंय. आजही हेच? (चिपळूण)

नाही. पान फाडू नका, पण त्यावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवा : चिरायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. घोणस आणि फुरशाच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. चिरलेली जागा वाहतच राहते. आवळपट्टीने हात-पाय निकामी होतो, आणि ती एकदम सोडली तर विष एका दमात अंगभर पसरतं. अंगठी, बांगडी, पैंजण काढा, दंश झालेला अवयव फळीला सैल बांधून स्थिर ठेवा, वेळ लिहून ठेवा, १०८ ला फोन करा आणि प्रतिविष असलेलं रुग्णालय गाठा. साप पकडून नेण्यात वेळ घालवू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं.

ओळखीसाठी रोम्युलस व्हिटेकर आणि अशोक कॅप्टन यांचं 'स्नेक्स ऑफ इंडिया' (२००४). कोकणात सगळ्यात जास्त गल्लत होते ती मण्यार आणि बिनविषारी कवड्यात. मण्यारीचे पांढरे पट्टे बारीक, बहुधा जोडीने, मानेकडे पुसट आणि शेपटीकडे ठळक. कवड्याचे मानेपासून ठळक आणि शेपटीकडे विरत जाणारे. हे लांबून टॉर्च मारून बघायचं. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पोटात दुखायला लागलं आणि पापण्या जड झाल्या, तर दंशाची खूण दिसो न दिसो, मण्यार समजून निघा.

गाठी पुस्तकावरून शिकता येतात का? (सोलापूर)

येतात. क्लिफर्ड ॲशली यांचा १९४४ चा ग्रंथ हा त्यातला वेद आहे, ३,८०० च्या वर नोंदी. तुम्हाला पाच-सहा पुरतील. सहा ते आठ मिलिमीटर जाडीचा दोन मीटर दोर हातात घेऊनच पान उघडा. डावखुरे असाल तर चित्र आरशात बघा. दोन दोर जोडायला साधी चौकट गाठ वापरू नका. ॲशली स्वतः तिच्याबद्दल बजावतात, कारण एक टोक झटक्याने ओढलं गेलं की ती उलटून सुटते.

मालवणात राहतो. फुलांची, पक्ष्यांची रंगीत पुस्तकं पावसाळ्यात फुगतात, पानं चिकटतात, कसर लागते. एक तर पन्हाळीखाली भिजलं. (मालवण)

भिजलेल्याची घाई करा. अशी पुस्तकं आर्टपेपरवर छापलेली असतात. त्या कागदावर चिनी मातीचा लेप असतो. ओला असेपर्यंत तो चिकट, आणि पानं एकमेकांवर वाळली की कायमची जुळतात. नंतर ओढलंत तर चित्र दुसऱ्या पानावर निघून येतं. म्हणून ओलं असतानाच प्रत्येक पानामध्ये बटरपेपर घाला, पुस्तक पंख्यासारखं उघडून उभं ठेवा, पंखा मंद ठेवा. ऊन दाखवू नका, पुठ्ठा वाकडा होतो. एका बैठकीत सगळी पानं होणार नसतील तर पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. गोठलेली पानं चिकटत नाहीत; सवडीने काढून थोडी थोडी सोडवता येतात.

कसर लागलेलं कोरडं पुस्तकही हवाबंद पिशवीत घालून दोन आठवडे फ्रीझरमध्ये. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर बाहेरची वाफ जमून नवं दुखणं सुरू होतं.

बाकीची पुस्तकं पावसाळ्याच्या आधीच, हवा कोरडी असताना, रबरी कडेच्या झाकणाच्या पेटीत भरा. वीसेक पुस्तकांमागे पाव किलो सिलिका जेल, कापडी पुरचुंड्यांत. नारळी पौर्णिमेच्या सुमारास दाण्यांचा रंग पाहा. बदलला असेल तर १२० अंशांवर तासभर तापवून पुन्हा वापरा. निळे दाणे गुलाबी होणाऱ्या प्रकारात कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकाच्या कढईत तापवू नका. नारंगी दाण्यांचा प्रकार मागून घ्या.